आहे त्या स्थितीत

दोष कुणाचा ते आधीच सांगून टाकतो: जतन समितीच्या अध्यक्षांचा. गंजाचा नाही, वाऱ्याचा नाही, वयाचा तर अजिबात नाही.

मी बोलतोय, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीवरचा लोखंडी मनोरा. चार तिरके पाय आणि डोक्यावर दोन पुरुष उंचीचं चाक. चाकावरून दोर, दोराला पिंजरा, पिंजऱ्यात माणसं. पाळी सुटायच्या वेळी बायका दारातून माझ्याकडे बघायच्या. चाक फिरतंय म्हणजे आपलं माणूस वर येतंय, चहा टाका. अवेळी थांबलं, की अनवाणी धावत सुटायच्या.

खाण बंद झाली. दोर काढला, पिंजरा भंगारात गेला. मला पाडायचं राहून गेलं, एवढंच. आठवण ठेवली ती एका तेलवाल्याने. दर आठवड्याला शिडी चढून तो चाकाला वंगण द्यायचा, हाताने अर्धा फेरा द्यायचा. चाक एकाच जागी बसलं तर गंजून कायमचं अडकतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्याची मुलगी चढू लागली. कॉलेज अर्ध्यावर सोडलेली, तोंडाने फटकळ, पण हात बापाचा. दोराचं ओझं नव्हतं, त्यामुळे चाक वाऱ्यावरही फिरायचं.

मग समिती आली. सात निवृत्त माणसं; खाण चालू असताना त्यातला एकही खाली उतरला नव्हता. अध्यक्ष म्हणजे जुने साहेब. खाण बंद करायच्या कागदावर सही यांचीच. आता म्हणे मी ऐतिहासिक ठेवा.

जतनाच्या सरकारी अर्जाला फोटो हवा होता; तो काढायला अध्यक्ष स्वतः आले.

"अगं, चाक थांबव जरा. फोटो हलतोय."

"काका, फोटो नाही हलत. चाक फिरतंय."

"तेच म्हणतोय मी. थांबव."

तिने आऱ्यांमध्ये बापाची पहार अडकवली. फोटो झाल्यावर काढली.

तीन वर्षांनी मंजुरी आली. अट एकच: सोबतच्या फोटोप्रमाणे, 'आहे त्या स्थितीत' जतन करावे. समितीने फोटो निरखला. चाक थांबलेलं. मग थांबलेलंच हवं. वेल्डर वर चढला.

"अहो, तुम्हीच थांबवायला लावलंत!" मुलगी हातातली पहार आपटत खालून ओरडली.

"मी नाही कुठे म्हणतोय? पण कागदावर आता तसंच आहे."

"मग दुसरा फोटो पाठवा ना!"

"पुन्हा तीन वर्षं? आणि आवाज खाली. मोठ्यांशी बोलतेयस."

"मोठे कसले? नुसते जुने!"

तेवढ्यात चिटणिसांनी चष्मा वर केला. "साहेब, फोटोत पहारही आहे."

त्यांनी तिच्या हातातून पहार घेतली आणि आऱ्यांमध्ये वेल्ड करून टाकली.

"ती बाबांची आहे!"

"होती. आता वारसा आहे."

यांना मी खुणेने सांगायचं तरी कसं? एवढी वर्षं मी एकाच भाषेत बोललो, फिरून. तीच यांनी बंद केली आणि टाळ्या वाजवल्या.

आता मला चंदेरी रंग आहे, पायाशी अध्यक्षांच्या नावाची पाटी आहे, शिडीला कुलूप आहे. लोक मान वर करून विचारतात, "हे फिरायचं का हो?" माहिती सांगणारा म्हणतो, "पूर्वी."

मी वाचलो, असं सगळे म्हणतात. माझं चाक गेलं. तेलवाल्याची मुलगी पुन्हा आली नाही.