थोरली बाहेर काढायची

आमच्या घरात थोरली म्हणजे मी. आई मला तशीच हाक मारायची, मावश्या अजून मारतात. धाकटा भाऊ तोंडावर ताई म्हणतो, पण माझ्या माघारी बोलताना मी त्याची थोरलीच असते. त्यामुळे त्या सकाळी कारखान्याच्या मागच्या दाराने आत येताना जे कानावर पडलं, त्याचा अर्थ लावायला मला वेळ लागला नाही.

तो फोनवर होता. "थोरली फार जागा अडवते हो," तो म्हणत होता. "तिला आता आत ठेवण्यात अर्थ नाही. या आठवड्यात बाहेरच काढू." मला बघितलं आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" मी विचारलं.

"पेंटर."

पेंटरशी माझ्याबद्दल काय बोलायचं असतं? खोटं बोलायचं तर माणसाने निदान जरा डोकं तरी चालवावं.

आम्ही दोघं एका चाकाच्या सायकली बांधतो. छोट्या चाकाची कसरतवाले नेतात, तिला सगळे एकचाकी म्हणतात, तिथे भांडण नाही. भांडण मोठ्या चाकाच्या सायकलीवरून. छत्तीस इंची चाक, सीट माझ्या छातीला लागते, आणि हौशी लोक तिच्यावर बसून लांबलांब जातात. तिला काय म्हणायचं ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी 'ती उंच' म्हणतं, कुणी 'ती मोठी'. एकजण 'अर्धी सायकल' म्हणाला, त्याला मी चहा विचारला नाही. त्यातही गिऱ्हाइकाच्या पायाच्या मापाने चाक धरणारा चिमटा, ब्रेक, हँडल लावून जी बांधतो, तिचं तर विचारूच नका. धाकट्याचं म्हणणं, बिननावाची वस्तू फोनवर विकता येत नाही. माझं म्हणणं, मोठी एकचाकी म्हण, मापाची एकचाकी म्हण, लोकांना समजतं. वर्षभर आम्ही यावरून एकमेकांचं डोकं पिकवलं. मग महिन्याभरापूर्वी त्याने तो विषय अचानक सोडला. धाकटा विषय सोडणाऱ्यांतला नाही. माझ्या मनात पाल तेव्हाच चुकचुकायला हवी होती.

कुठल्या रिमला आणि कुठल्या हबला किती लांबीचा स्पोक लागतो, ते सगळं माझ्या निळ्या वहीत आहे. बावीस वर्षांचं काम. वही बघून स्पोक कापायचे धाकट्याने आणि चाक बांधायचं मी. दोन मिलिमीटरची चूक झाली की एवढं मोठं चाक काही केल्या सरळ फिरत नाही. त्या दुपारी तो जेवायला गेला तेव्हा वही काउंटरवर पडली होती. ती मी माझ्या पिशवीत टाकली. रागाच्या भरात टाकली असं म्हणायला मला आवडेल, पण मी हात पुसून, शांतपणे टाकली. मला बाहेर काढायचं असेल तर वहीही बाहेर जाईल.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं वागणं बदललं. ड्रॉवर उघड, माझ्या टेबलाखाली वाक, मी आले की काहीतरी हातात घेऊन उभा राहा. मला काढायला भागीदारीचे कागद शोधतोय, मी मनात म्हटलं. साडेसहा फूट उंचीच्या एका दंतवैद्यांची सायकल अर्धवट होती. त्यांना त्याने फोनवर सांगितलं, "अजून रिमच आली नाही." रिम त्याच्या डोक्यावर टांगलेली होती. माझ्यासमोर इतकं धडधडीत खोटं बोलणारा हा मुलगा लहानपणी माझा हात धरून शाळेत जायचा, या विचाराने मला रडू आलं.

तिसऱ्या दिवशी त्याने मागच्या दाराचं कुलूप बदललं.

"आणि माझी किल्ली?"

"दुसरी व्हायचीय अजून," तो खाली बघत म्हणाला.

मी वहीची पिशवी आणखी जवळ ओढली.

चौथ्या दिवशी दुपारी पेंटर खरोखरच आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी. मी कमरेला पदर खोचूनच पुढे झाले. "या, तुमच्याशीच बोलायचंय. माझ्याबद्दल काय ठरलंय तुमचं?"

तो गोंधळला. "तुमच्याबद्दल?" म्हणत त्याने कागद सोडला.

पाटीवर पिवळ्या ठळक अक्षरांत होतं: 'थोरली. मोठ्या चाकाची एकचाकी. मापाने बांधून मिळेल.'

"हीच ना ती?" पेंटरने दारातल्या छत्तीस इंचीला हात लावला. "बाहेर काढून पाटीखाली उभी करायची म्हणाले होते."

मी धाकट्याकडे बघितलं. तो कानापर्यंत लाल झाला होता. "गिऱ्हाइकाने नाव विचारलं, तोंडातून निघून गेलं," तो म्हणाला. "उंच आहे. चढताना धरावं लागतं, आणि एकदा निघाली की कुणासाठी थांबत नाही. तू नाही म्हणशील म्हणून आधी सांगितलं नाही."

मला हसूच आवरेना. मी स्टुलावर बसले. पेंटर शिडी घेऊन बाहेर गेला.

"ताई," धाकटा म्हणाला, "अजून एक आहे." त्याने खिशातून नवी किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "ही तुझी, आजच झाली. कुलूप उगाच नाही बदललं. तुझी वही चोरीला गेली. चार दिवस झाले. मी ती इथे उघड्यावर टाकून जेवायला गेलो. तुझी बावीस वर्षं मी घालवली, आणि सांगायची हिंमत होत नव्हती."

माझी पिशवी त्याच्या मागेच खुंटीला होती. गप्प बसता आलं असतं. उद्या कपाटामागे सापडली म्हणता आलं असतं. मी उठले, वही काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

त्याने ती दोन्ही हातांनी उचलली, पानं भराभर उलटली, छातीशी धरली. "देवा," तो म्हणाला. "कुठे होती?"

"पिशवीत."

"कुणाच्या?"

बाहेरून पेंटरने विचारलं, "सरळ आहे का हो?" आम्ही दोघांनीही वर बघितलं नाही. धाकटा माझ्याकडे बघत होता, चार दिवस मी त्याच्याकडे बघत होते तसंच. किल्ली आमच्या दोघांच्या मध्ये काउंटरवर पडली होती आणि ती उचलायला माझा हात पुढे होईना.