दोन-दोन जादा पाटं

माझा हात चांगला हाय, हे आदीच सांगून टाकतो, कारन सगळं वाटोळं त्या हातानंच केलंय. मलकापुरात हायवेच्या कडंला, सर्व्हिस रोडवर माझं पाट्याचं दुकान हाय. तीस वर्सं झाली. गाडीच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची कमान असती, त्या पट्ट्यास्नी आमी पाटं म्हनतो. वरचा लांब, खालचं आखूड हुत गेल्यालं. लोक वज्यावर वजं लादत्यात, कमान बसती, गाडीचं ढुंगान रस्त्याला टेकाय लागतं, मग येत्यात माझ्याकडं. नुसतं वाकून बघितलं तरी सांगतो, गाडीनं काय वाहिलंय आन कुठल्या अंगाला. कराडपासनं शिरवळपत्तूर ड्रायव्हर म्हनत्यात, आप्पासोनं बसवल्याला पाटा बसत न्हाई. चुलीत घाला ती तारीफ.

भाऊसो माझा पाठचा भाऊ. त्यो गावाकडं, मान तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. दीडशे मेंढरं हायत त्याच्याकडं. आई बी त्याच्याकडंच. आन मी तीन वर्सं गावाची शीव वलांडली न्हवती. का, त्ये बी ऐका.

बाप गेला. दिवसकार्याला थोरल्या पोराच्या डोक्याला बापाचं पागोटं बांधायचं, ही आमची रीत. थोरला मी. अंघुळ करून पुढं झालो, तर मामा म्हनला, "आप्पासो, तू जरा बाजूला सर. पागोटं मेंढरामागं चालनाऱ्याच्या डोक्यावर. तुजं हात आता तेलातलं." भरल्या मान्सांत. सगळी भावकी खाली मुंडी घालून बसली. आन भाऊसो? त्यो एक डाव न्हाई म्हनला असता, तर मी माझ्या हातानं त्याला बांधलं असतं, खरं सांगतो. पन त्यानं गपगुमान डोकं पुढं केलं. माझं टाळकंच फिरलं. तसाच उठलो, बिरदेवाच्या देवळात गेलो, मूठभर भंडारा उचलला आन समद्यांदेखत म्हनलो, ह्या गावाच्या शिवंत परत पाय ठेवला तर बिरदेवा, तू मला बघून घे.

भंडारा उचलला म्हंजे संपलं. आमच्यात स्टँप पेपरापरीस त्यो मोठा. आई मागनं "आरं आप्पा, आरं आप्पा" करत शिवंपत्तूर आली. मी मागं वळलो न्हाई.

मागच्या पावसाळ्यात आई गोठ्यात घसरून पडली, खुबा मोडला. डाक्टर म्हनला, वय झालंय, ऑपरेशन झेपायचं न्हाई. तवापास्नं ती खाटंवर. चंद्राबाई, माझी बायको, महिन्याकाठी जाऊन यायची. आली की पिशवी आपटायची आन सुरू. "आवं, म्हातारी रोज इचारती, आप्पा कवा येनार. काय सांगू? दगूड हाय म्हनून सांगू?"

"भंडारा उचललाय मी."

"मग बसा त्यो चाटत."

फोनवर आईला ऐकू यायचं न्हाई. व्हिडिओ लावून दावला तर डोळ्यांत मोतीबिंदू. "ह्या काचंत कुठं हाय माझा ल्योक?" म्हनायची आन फोन सारायची. मला बी लय वाटायचं जावं. राती-बेराती न्हाई, भर दुपारी ऐरनीवर घन घालताना वाटायचं. पन शब्द तोंडातनं गेला हुता, आन जिथं गेला हुता तिथनं परत आनायची माझी हिंमत न्हवती. देवाची भीती म्हना न्हाईतर मामाची. तवा मी देवाची म्हनत हुतो.

आन एक दिस भाऊसो दुकानाम्होरं येऊन उभा राहिला. बापाच्या येळची अठरा वर्सांची पिकअप घेऊन. तीन वर्सांत पहिल्यांदा. डोक्यावर पागोटं न्हवतं, नुसता टावेल गुंडाळल्याला. हे माझ्या ध्यानात लय उशिरा आलं.

"पाटं बसल्यात," त्यो म्हनला. राम राम न्हाई की काय न्हाई. मी तरी कशाला म्हनतोय.

खाली वाकलो. पाटं पार सपाट झाल्यालं, उजवीकडचा वरचा पाटा तर उलटा वाकल्याला. "पान्याची टाकी वाहतोस," मी म्हनलो.

"व्हय. मेंढरांला उन्हाळाभर."

"सगळंच बदलाय लागत्यात."

"बदल. पन जादा पाटं घालू नगंस. कंपनीनं दिल्यालं तेवढंच ऱ्हाऊ दे. गाडी मऊ पायजे."

"मऊ? आन टाकी कोन तुजा सासरा उचलनार?"

"टाकीचं मी बघीन. आई म्हनत हुती..."

"आईचं नाव काडायचं न्हाई हितं!" मी असा वराडलो की पलीकडचा पंक्चरवाला उठून बघाय लागला. "कामाचं बोल, न्हाईतर गाडी घे आन चालता हो."

भाऊसोनं तोंड मिटलं. त्याची ती जुनी खोड. वराडावं, भांडावं, चार शिव्या घालाव्या, तर न्हाई. समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बाकड्यावर बसला, माझ्याकडं पाठ करून.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हा मला माझं काम शिकवतोय. माझं पागोटं डोक्यावर घेऊन फिरनारा मला सांगतोय कुठला पाटा घालायचा आन कुठला न्हाई. म्हनलं थांब, दावतोच तुला तेलातल्या हातानं काय हुतंय त्ये. जॅक लावून गाडी उचलली. गंजल्यालं बोल्ट गॅसनं कापलं. जुनं पाटं धाडकन खाली पडलं. नवं घेतलं, कमान तपासली, मधी ग्रीस भरलं, आन दोन्ही अंगाला दोन-दोन पाटं जादा घातलं. चांगलं जाड. बोल्ट असं कसलं की पान्याला अंगाचं वजन दिलं.

जादा पाट्याची गाडी भरून चालली तर झकास. पन रिकामी चालली तर प्रत्येक खड्ड्याला उडती, मागं बसल्याल्याचं मनकं ढिलं करती. आमच्याकडं आजारी मानूस पिकअपमधनं न्यायचं असलं, तर लोक मागं वाळूची पोती टाकत्यात. पाटं दबत्यात, दनकं कमी बसत्यात. हे सगळं मला तोंडपाठ. मागं कोन झोपनार हाय एवढंच ठावं न्हवतं, आन त्ये त्यो सांगाय लागला तवा मीच त्याचं तोंड बंद केलं.

भाऊसो उठून आला. गाडी मागनं वर उचलल्याली उभी. त्यानं मागच्या फाळक्यावर दोन्ही हात ठिवलं आन जोर लावून दाबलं. गाडी तसूभर हलली न्हाई.

"लय ताठ झाली," त्यो म्हनला. "जादाचं काडशील का, दादा?"

दादा म्हनला. तीन वर्सांनी. आन मी काय म्हनलो? "आप्पासोचं काम हाय. काडत न्हाई. पटत नसंल तर दुसरा बघ."

त्यानं माझ्याकडं बघितलं, गाडी चालू केली आन गेला.

चार दिसांनी, गुरुवारी दुपारी, चंद्राबाई डबा घेऊन दुकानात आली. डबा ठिवलाच न्हाई, हातातच धरून उभी. भाऊसोच्या बायकोचा, रानीचा, फोन आल्ता म्हनली.

आई दिवाळीपास्नं एकच बोलत हुती म्हनं. "शपथ त्यानं घेतलीया हिकडं न यायची. मी कुठं घेतलीया तिकडं न जायची? मला खाटंसकट गाडीत घाला. आप्पाच्या दुकानाम्होरं नेऊन ठेवा. एकदा त्याच्या तोंडावरनं हात फिरवला की झालं." त्यासाठी भाऊसो पाटं बदलाय आल्ता. त्यासाठी गाडी मऊ पायजे हुती.

"आज सकाळी निघाले हुते सगळे," चंद्राबाई म्हनली. "वडूजच्या अलीकडनं परत फिरवली गाडी. म्हातारी खड्ड्यागनिक किंचाळत हुती. आता काय म्हनू मी तुमाला? काय म्हनू?"

मी भाऊसोला फोन लावला. "गाडी शिवंवर आन. मी हत्यारं घिऊन येतो, तिथंच काडतो चारी पाटं."

चंद्राबाईनं कपाळावर हात मारला. "शिवंवर? आवं, शिवंवर जानार तर चार पावलं आत जावा की! आई हाय तुमची!"

मी तिच्याकडं बघितलं न्हाई. फोनमधी भाऊसो म्हनला, "नगं. वाळूची पोती भरून ठिवलीत. आईला जरा थाऱ्यावर येऊ दे. सोमवारी आनतो."

"सोमवारी आन," मी म्हनलो. मला बी त्येच सोपं पडलं. तीन दिस मी दुकानाम्होरची जागा साफ केली. तेलाची माती खरवडली, भंगार हलवलं, सावलीला ताडपत्री बांधली. खाट कुठं ठेवायची त्ये ठरवलं.

ऐतवारी सकाळी आई गेली.

मोटरसायकल काडली आन निघालो. चंद्राबाई मागं बसली हुती. शीव कवा आली आन कवा मागं गेली, मला कळलं बी न्हाई. दारात गेलो तवा ध्यानात आलं की मी गावात हाय.

अंगनात पिकअप उभी. मागं आठ पोती वाळू, नीट रचल्याली, आन मधी खाटंएवढी जागा सोडून त्यात वाकळ अंथरल्याली. मी चाकाकडं बघितलं. पाटं बेतानं दबल्यालं, जसं पायजे तसं. भाऊसोला पाट्याचं काय बी कळत न्हाई, तरी त्यानं बरूबर केलं हुतं.

माती झाली. मामा हुता, भावकी हुती. भंडाऱ्याचा कुनी शब्द काढला न्हाई. जो भंडारा मी तीन वर्सं उरावर घिऊन बसलो त्यो कुनाच्या ध्यानात बी न्हवता. आन बिरदेवानं तरी काय केलं मला? काय सुदिक केलं न्हाई. मी तिथं धडधाकट उभा. जित्या आईसाठी एक पाऊल टाकलं असतं, तरी त्यानं काय बी केलं नसतं.

रानी चहा घिऊन आली. खालच्या मानंनं म्हनली, "भावजी, सांगू का नगं कळंना. त्या दिशी गाडीत लय वरडल्या आत्याबाई. ह्यांनी तुमाला एक शिवी हासडली, तर ह्यांच्यावरच खेकसल्या. म्हनल्या, नावं ठेवू नगंस. काम पक्कं हाय माझ्या आप्पाचं. एवढं दनकं बसत्यात पर पाटा वाकतोय का बघ."

मला त्यो चहा पिववला न्हाई.

दुसऱ्या दिशी, सोमवारी, मी पोती उतरवली, जॅक लावला आन गाडीखाली शिरलो. तास-दीड तासात चारी जादा पाटं काडून बाहीर ठिवलं. भाऊसो येऊन बसला. पाटं हातात घिऊन बघितलं.

"कशाला काडलंस?" त्यो म्हनला. "आता नुसती टाकीच वाहायची हाय. घाल परत."

त्याच्या बोलन्यात राग न्हवता. राग असता तर बरं झालं असतं. मी परत गाडीखाली गेलो. चारी पाटं हुतं तसं घातलं आन बोल्ट कसलं.