‘थांबा’ म्हणणारं कुलूप

हो, मी कुलूपच बोलतोय. मला किल्ली नाही, कडी नाही, हाताला लागेल असं अंगही नाही. रक्तपेढीच्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो. कोणी एखाद्या पिशवीची नोंद उघडली की मी तिच्यावर ठाण मांडतो. त्याच वेळी दुसरं कोणी ती उघडायला गेलं, तर पडद्यावर माझा एकच शब्द उमटतो: थांबा.

माझा जन्म भांडणातून झाला. इथे खिडक्या दोन, एक वर आणि एक खाली. एकदा दुर्मिळ गटाची एकुलती एक पिशवी दोन्हीकडे एकदमच ‘शिल्लक’ दिसली. दोन्ही खिडक्यांवरच्या माणसांनी छातीठोकपणे सांगितलं, "आहे, घेऊन जा!" फ्रिजपाशी एका पेशंटचा भाऊ आणि दुसऱ्याची आई समोरासमोर आले. पिशवी भावाला मिळाली. परगावाहून दुसरी येईपर्यंत त्या आईचे जे हाल झाले, ते ऐकून सॉफ्टवेअरवाल्या बाईंनी मला घडवलं.

त्याची फेड शिव्यांनी झाली. "हे कुलूप म्हणजे नुसता डोक्याला ताप!" वा रे वा! नोंद उघडी टाकून चहाला जाता तुम्ही, आणि ताप मी?

मागच्या आठवड्यात मुख्य साहेब स्वतः खालच्या खिडकीवर बसले होते. ऑपरेशन थिएटरचा फोन चालू होता, "रक्त आहे ना? सुरू करू?" साहेब पिशवीची नोंद उघडायला गेले. मी म्हणालो, थांबा. साहेब लालबुंद झाले. त्यांनी वरच्या खिडकीवरच्या काकांना फोन लावला.

"काका, ती पिशवी काय धरून बसलाय? इथे माणूस टेबलावर आहे!"

"साहेब, तीच गळतेय. बाद म्हणून लिहितोय. देऊ नका कुणाला."

साहेबांनी थिएटरला कळवलं, "सुरू करू नका, दुसरी मागवतो." पेशंटला अजून सुरी लागली नव्हती. ती माझ्यामुळे लागली नव्हती, आणि हे सांगायला मी लाजत नाही.

साहेबांनी आभार मानले असतील म्हणता? छे! "चारचौघांत मला थांबवतं म्हणजे काय? काढून टाकतो!"

आज त्यांनी केबिनमध्ये माझ्या सेटिंगचं पान उघडलं, तेवढ्यात मीटिंगचं बोलावणं आलं. मीटिंगहून ते तडक खालच्या खिडकीवर आले आणि तिथून तेच पान उघडायला गेले. पडद्यावर आलं: ‘थांबा. हे पान मुख्य साहेबांनी उघडलेलं आहे.’

"अरे, मुख्य साहेब मीच ना!"

खिडकीवरची ताई हसू दाबत म्हणाली, "केबिनमध्ये उघडं ठेवून आलात वाटतं, साहेब."

आता ते तणतणत जिना चढतायत. केबिनमध्ये पोचले की मला पुसतील. खुशाल पुसा, मी गयावया करणार नाही. पण बटण दाबण्याआधी एकदा दोन्ही खिडक्यांकडे बघा. दोन्हीकडे माणसं उभी आहेत, दोघांना एकाच गटाचं रक्त हवंय, आणि फ्रिजमध्ये त्या गटाची पिशवी एकच आहे.

त्यातल्या एकाला ‘थांबा’ कोण म्हणणार, साहेब? तुम्ही?