साडेतीन दिवसांची भाजी

कागदी पिशवीवरच्या लेबलाचा एक कोपरा सुटलेला होता, आणि तो नखाने दाबून बसवताना गार्गीला तारीख दिसली — चोवीस सप्टेंबर. अक्षर तिचंच. आत चाय सिम या पालेभाजीची वाळून चुरा झालेली पानं, वजन एकशे बारा ग्रॅम, सगळं बरोबर… फक्त चोवीस सप्टेंबर. सुमात्राच्या जंगलांचा धूर सिंगापूरवर उतरलेला, आणि ती मास्क लावून क्रांजीच्या शेतात कापणी मोजत उभी — सूर्य होता, पण अंड्याच्या बलकासारखा, त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. त्या पिकाने महिनाभर तोच सूर्य पाहिला होता, म्हणजे ते नेहमीपेक्षा कमीच भरलं असणार.

इतकी साधी गोष्ट. पुण्यात असती तर तिने हंगामाप्रमाणे वेगवेगळे नमुने घेतले असते. इथे, विषुववृत्तापाशी, बारा महिने सारखेच म्हणून एकच कापणी मोजून तिने बारांनी गुणली. आणि किती हुशार वाटलं होतं मला तेव्हा!

त्या गुणाकारातूनच पुढे साडेतीन दिवस निघाले. समुद्रमार्ग बंद झाले तर क्रांजीच्या शेतांची पालेभाजी शहराला किती दिवस पुरेल, एवढंच सरकारच्या अन्नसाठा समितीला हवं होतं. अध्यक्ष कर्नल याप लष्करातून आलेले. तांदूळ, अंडी, पाणी, सगळं दिवसांत मोजायचे. चार दिवसांच्या खाली उत्तर आलं तर जमीन लष्कराच्या सरावाला जाणार होती. म्हणजे अंकल सेंगचं शेतही. तीस वर्षं ते तिथे भाजी पिकवत होते, आणि कापणीच्या दिवशी खोकत खोकत म्हणाले होते, “डॉक्टर, माझ्या भाजीला पास कर, लाह!” मी डॉक्टर नाही, हे तिने दोनदा सांगून झालं होतं.

“काय गं, मीटिंगला दहा मिनिटं राहिलीत आणि तू पालापाचोळा हुंगत बसलीयेस?”

शेजारच्या टेबलावरचा रुचिर. मुंबईचा, संख्याशास्त्रवाला. तिने पिशवी त्याच्यापुढे धरली, सांगितलं. त्याचं हसू विरलं.

“दुरुस्त केलं तर किती येईल?”

“साडेचार… कदाचित. कदाचित नाही. पुन्हा कापणी घेतल्याशिवाय कसं सांगू?”

“मग गप्प बस बाई. मार्चमध्ये तुझा इथल्या नोकरीचा पास रिन्यू व्हायचाय. आणि ते अंकल तुला भाजीच्या जुड्या फुकट देतात, हे कुणी काढलं म्हणजे?”

एक जुडी. एकदाच. ती तिने परतून खाल्लीही होती, दाण्याचं कूट घालून…

मीटिंगमध्ये तिने सांगितलं. आवाज मध्येच फाटला, हात टेबलाखाली होते. कर्नल शेवटपर्यंत ऐकत राहिले, पेन्सिल न हलवता.

“थँक यू, गार्गी. तळटीप टाका.”

“पण सर, चारच्या वर गेलं तर —”

“तरी जमीन लागणारच. समुद्र बंद झाला तर तो उघडायला माणसं लागतील ना? त्यांनी सराव कुठे करायचा? नकाशा जानेवारीतच पक्का झालाय.” आणि घरातल्या वडीलधाऱ्यासारखी त्यांनी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

जानेवारी. म्हणजे धुराच्या आठ महिने आधी.

आधी खांदे सैल झाले. मग छातीत ऊब पसरली, आणि ही सुटका आहे हे तिला नीट ओळखता आलं, प्रयोगात अपेक्षित रंग दिसावा तसं. माझ्यामुळे नाही. माझ्यामुळे काहीच नाही… पण त्या उबेच्या खाली काहीतरी रिकामं होत चाललं होतं. लेबल पाहिल्यापासून ती चूक तिने मुठीत घट्ट धरली होती, कारण ती तिची होती, तिला वजन होतं, एका माणसाचं शेत त्या वजनाने इकडे किंवा तिकडे कललं असतं. ती चूक परत मागता येईल का? कुणाकडे?

पडद्यावर पुढचा तक्ता आला. अंडी. कुणीतरी विचारलं, किती दिवस?

“अकरा,” गार्गी म्हणाली. आवाज अगदी स्थिर होता — आणि तो आकडा बरोबर आहे की नाही, हे जाणून घ्यावंसं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं नाही.