गुणाचं लेकरू

या, मायबाप, असे पुढं सरका. कीर्तनाच्या बुवांचा टांगा सांगलीहून यायचाय, तोवर एक गोष्ट सांगतो. पोथीतली नाही, याच माधवनगरातली, लढाईच्या दिवसांतली.

कवठे महांकाळकडची हरणाबाई धनगराची सून. थोरली मनू तिनं पाठीच्या झोळीत वाढवली, मेंढरांमागं हिंडत. पोरगी कोकरांशी बोलत बोलायला शिकली, कोकराच्या मागं धावत चालायला शिकली. मग रानातलं पाणी आटलं, मेंढरं मेली, पटकीत नवरा गेला. तेव्हा धुळा पोटात होता. मनूला सासूपाशी ठेवून हरणाबाई इथल्या गिरणीत सूत गुंडाळायला आली.

बाळंतपण उरकताच ती पुन्हा कामाला उभी राहिली. धुळा राहिला चाळीतल्या धोंडुबाईकडं. गिरणीतल्या बायकांची पोरं ती एका खोलीत सांभाळायची. सकाळी प्रत्येकाच्या जिभेवर खसखशीएवढी अफू ठेवायची, की पोरं दिवसभर गप. यात लपवाछपवी नव्हती. आयाच अफू आणून द्यायच्या. बाळगोळीच म्हणायचे तिला.

एकादशीला मारुतीच्या देवळात कीर्तन असे. हरणाबाई कामावरून तशीच धुळाला घेऊन यायची. एकदा बुवा निरूपण थांबवून म्हणाले, "बघा हो, पखवाज घुमतोय, आणि हे लेकरू कसं समाधीत बुडालंय!" त्यांनी गळ्यातला हार काढून धुळाला घातला. बायका त्याच्या पाया पडल्या. "गुणाचं लेकरू गं तुझं," म्हणाल्या. हरणाबाईचे डोळे भरून आले. एवढा मान तिला जन्मात मिळाला नव्हता.

धुळाला वर्ष उलटून गेलं, त्या दिवाळीला सासू मनूला घेऊन आली. मनूनं भावासाठी कोकराच्या गळ्यातली घंटी आणली होती. ती त्याच्या कानाशी वाजवली, नाकाशी नाचवली, स्वतः नाचली.

"आये, ह्यो माझ्याकडं बघत का न्हाई गं?"

"ल्हान हाय त्यो."

"आज्जी म्हनती, मी एवढी व्हते तवा कोकरं हाकलत व्हते."

हरणाबाईनं एकदा मनूकडं पाहिलं, एकदा धुळाकडं. एकाच कुशीतली दोन लेकरं.

दुसऱ्या दिवशी तिनं धोंडुबाईला गोळी देऊ दिली नाही. संध्याकाळी म्हातारी दारातच उभी होती.

"घे गं बाई तुझा सनई-चौघडा! समदी पोरं उठवली ह्येनं."

"आवं मावशी, रडू द्या की. आज रडंल, उद्या हसंल."

"मग कडंवर घिऊन जा कामाला. मुकादम पाळना टांगून वाट बघतोय तुजी!"

ती खरंच कडेवर घेऊन गेली. मुकादमानं फाटकातूनच परत धाडलं. "पुन्यांदा पोर दिसलं तर तुझ्या जागी दुसरी." भिंतीकडेला दुष्काळी भागातल्या बायका त्या जागेसाठी बसूनच होत्या. धुळाला सासूकडं धाडावं, तर तिथं मनूलाच पोटभर नव्हतं. हरणाबाई धाडील तेवढीच जोंधळ्याची भाकरी.

सकाळी तिनं अफू आपल्याच दुधात उगाळली, आपल्याच बोटानं चाटवली.

पुढच्या एकादशीला बुवा लांबूनच हसले. "आलं का आमचं समाधीतलं लेकरू?" हरणाबाईनं मान वर केली नाही. नामाचा गजर चढला, तशी तिनं पदराआडून धुळाच्या मांडीला चिमटा घेतला. मग जोरात घेतला. मांडी काळीनिळी झाली. त्यानं डोळे किलकिले केले, पुन्हा मिटले.

तेवढ्यात मागं कुणाचं तरी पोर भोकाड पसरून रडलं. "ए, भाईर घिऊन जा गं त्येला!" म्हणून सगळे खेकसले. हरणाबाई वळून त्या पोराकडं बघत राहिली, देवळाच्या कळसाकडं बघावं तशी.

धुळा फार उशिरा उभा राहिला, तोही भिंत धरून. 'आये' अशी हाक त्यानं कधीच मारली नाही.

टांग्याचे घुंगरू वाजले वाटतं. मायबाप, आज कीर्तनात एखादं लेकरू रडलं, तर कपाळाला आठ्या घालू नका. तेवढ्यापुरती धुळाची आठवण काढा.