चरबीत दडलेलं

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे बारक्या म्हणतात. नावालाच बारक्या, दारात उभा राहिला की खोलीत उजेड यायचा बंद होतो. बॉक्सिंगवर त्याचं पोट आहे, आणि आज मी त्याच्या पोटावर पाय दिला. तोही खुर्चीत शांत बसून.

गांजा त्याला मीच दिला होता, माझ्याच गॅलरीत. खांदा दुखावला म्हणून तो तोंड पाडून घरी बसला होता. मी म्हटलं, "ओढ रे दोन झुरके. सामना काय उद्या आहे?" आमचं शनिवारचं टोळकंच आहे. एक वकीलबाई, एक बँकेतला साहेब आणि मी, भूल देणारी डॉक्टर. सोमवारी सगळे इस्त्रीच्या कपड्यांत कामावर हजर. आम्हाला कोण बाटलीत लघवी करायला सांगतंय!

त्याने विचारलंही होतं, "ताई, तपासणीत येणार नाही ना?"

"वेड्या, डॉक्टर तू की मी? सामन्यापर्यंत मागमूस राहणार नाही."

डॉक्टर कसली, डोंबल! सामन्याआधी बॉक्सर वजन उतरवतात, उपाशीपोटी रबरी सूट घालून धावतात, हे मी आमच्याच घरात इतकी वर्षं बघतेय. गांजा चरबीत मुरून बसतो. चरबी जळायला लागली की पुन्हा रक्तात उतरतो. जाड पेशंटला भूल देताना याच गोष्टीवरून मी शिकाऊ डॉक्टरांचे कान उपटते. सख्ख्या भावाच्या वेळी मात्र अक्कल गहाण टाकली.

सामन्यानंतरच्या तपासणीत तो सापडला, आणि आज बॉक्सिंग फेडरेशनच्या समितीपुढे सुनावणी होती. त्याच्या वकिलाने आधीच स्पष्ट केलं होतं, "गांजा कधी आणि कुणी दिला हे सांगणारा साक्षीदार आला, तर काही महिन्यांच्या बंदीवर भागेल. नाहीतर दोन वर्षं." बत्तीस वर्षांच्या बॉक्सरला दोन वर्षं म्हणजे कायमचं घरी. पण साक्षीदार म्हणजे मी, आणि मी तोंड उघडलं की माझी नोकरी गेली.

वाटेत बारक्याच म्हणाला, "ताई, तुझं नाव मी घेणार नाही. एकाचं गेलं तेवढं पुरे." मला इतकं हायसं वाटलं की स्वतःचीच किळस आली.

मला तिथे नेलं होतं ते डॉक्टर म्हणून. चरबीचं सगळं मी फळ्यावर चित्र काढून समजावलं. छान समजावलं, मेलं! समितीतले लोक माना डोलवत होते.

मग अध्यक्षबाईंनी बारक्याला विचारलं, "पण दिला कुणी?"

"एका पार्टीत कुणीतरी. ओळखीचा नव्हता."

त्या माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुम्हाला काही माहीत आहे?"

शब्द अगदी ओठांवर आले होते. शेजारी बारक्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता. त्याने एकदाही मान वर केली नाही.

"नाही," मी म्हटलं.

थोड्या वेळाने निकाल वाचून दाखवला. दोन वर्षं.

बाहेर बाकावर आई बसली होती. तिला सांगितलं तशी ती रडली. मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तू होतीस म्हणून दोनवर निभावलं गं. बहीण असावी तर अशी."

बारक्याने तिला उठवलं, पाठीवर हात ठेवला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तू सोड आता ते, ताई. तुझी तपासणी कुणी करत नाही, म्हणून सांगतो. उद्या सकाळी कुणाला तरी झोपवायचंय तुला."

"हो," मी म्हटलं.

समितीच्या खोलीचं दार अजून उघडंच होतं. अध्यक्षबाई कागद आवरत होत्या. हाक मारली असती तर थांबल्या असत्या.

मी आईची पिशवी उचलली आणि जिन्याकडे निघाले.