सहा पट्ट्या

बाळ सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी झालं. मुलगी, पावणेतीन किलोची, बाहेर येताच रडली. सिंधु सिस्टरनं मागून पडलेली वार उलटून पालटून नीट तपासली. पूर्ण होती. बाहेर व्हरांड्यात सासू मल्लम्मानं शेजारणीला सांगितलं की सून सुटली, आणि चहा मागवला.

साडेनऊला सिंधुनं चादर उचलून पाहिलं तर खालचं पॅड भिजून रक्त टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं.

तिनं पोटावर हात दाबून पाहिला. गर्भाची पिशवी कडक लागत होती. म्हणजे पिशवी ढिली पडलेली नव्हती, आतच कुठंतरी फाटलं होतं, आणि तिथं टाका घालणारा माणूस नागलवाडीच्या या आरोग्य केंद्रात नव्हता. डॉक्टर साहेब मीटिंगला लातूरला गेले होते. ते फोनवर म्हणाले, "सलाईन दोन्ही हातांना लाव, आत गॉज भर आणि उदगीरला हलव. मी तिथं फोन करतो." एवढं तिनं फोन येण्याआधीच सुरू केलं होतं.

"गुरम्मा, बीपी सांग."

आशाताई गुरम्मानं मशीनकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "वरचा सत्तर. खालचा दाखवतच न्हाई."

बाळंतीण प्रियदर्शनी चोवीस वर्षांची. मघाशी कळा येत असतानाही ती सिंधुला विचारत होती, सिस्टर तुमचं माहेर लोह्याचं म्हणं, मग तुमची बोली अशी कशी. आता तिचे ओठ कागदासारखे झाले होते आणि हाक मारली की उत्तर उशिरा येत होतं. उदगीर पंचेचाळीस मिनिटांवर. सिंधुनं मनात हिशोब केला. असंच वाहत राहिलं तर पंचेचाळीस मिनिटं मिळणार नव्हती.

"कपाटातला तो काळा सूट काढ," ती म्हणाली.

लातूरच्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळानं उन्हाळ्यात केंद्राला सामान दिलं होतं. बीपीची दोन मशीनं, बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र आणि हा सूट. ठोक्यांच्या यंत्रावर सगळं गाव खूश झालं. बायका नवऱ्यांना घेऊन यायच्या, ऐकवा म्हणायच्या. सूटकडे कुणी पाहिलं नाही. नांदेडहून आलेल्या बाईंनी तो कसा बांधायचा ते दोन तास शिकवलं होतं. पायांतलं रक्त वर ढकलून काळीज आणि डोकं जगवायचं, मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत. बस, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी गुरम्मा टेबलावर आडवी झाली होती आणि सिंधुनं तिला बांधलं होतं. "मला बाजरीच्या पोत्यागत आवळलंव की," असं म्हणून ती सगळ्यांना हसवत होती. खऱ्या बाईला सिंधुनं तो कधी बांधला नव्हता.

पहिली पट्टी घोट्याला. ती ओढताना सिंधुचा हात घामानं घसरला. दुसरी पोटरीला, तिसरी मांडीला, दोन्ही पायांना. "ताकदीनं ओढ," ती गुरम्माला म्हणाली, "पोरीला दुखंल म्हणून सोडू नको." चौथी कमरेला. पाचवीत रबरी चेंडू होता, तो बेंबीवर. सहावी त्याच्यावरून.

दारात मल्लम्मा उभी होती. तिच्या हातातला चहाचा ग्लास तसाच होता.

"हे काय करायलाव बाई? जित्या माणसाला आसं बांधतेत का?"

"अव्वा, रक्त लई चाललंय. गाडीत बसा, वाटंत सांगते."

गुरम्मानं बाळाला छातीशी घेतलं आणि केंद्रातच मागं थांबली. प्रियदर्शनीला गाडीत चढवताना बीपी शहाऐंशी झाला होता. तिनं डोळे उघडून विचारलं, "पोरगी कुठंय?" सिंधुला वाटलं आपण आता रडू. ती रडली नाही, सलाईनची बाटली हुकाला अडकवली.

रस्ता बरा होता. ड्रायव्हर भागवतनं तीस मिनिटांत उदगीरची हद्द गाठली. पण दिवस सोयाबीनचे. धान्याच्या मोंढ्याच्या अलीकडं ट्रॅक्टरांची रांग लागली होती, ट्रॉलीला ट्रॉली भिडलेली, आणि समोरूनही तशीच. सायरन वाजत होता, तरी कुणाला हलायला जागाच नव्हती.

पुढच्या सीटवर प्रियदर्शनीचा नवरा मल्लिनाथ बसला होता. त्यानं दार उघडलं, खाली उडी मारली आणि रांगेत शिरला. काचेतून सिंधुला दिसलं, तो एकेका ट्रॅक्टरवाल्याला नावानं हाक मारून, हात जोडून, चाक शेतात उतरवायला लावत होता.

आत प्रियदर्शनी कण्हू लागली. "अव्वा, पाय फुटायलेत. पोटावर दगड ठिवल्यागत हाय. सोडा की. श्वास घेता येईना."

सिंधु सलाईनची दुसरी बाटली बदलत होती, तिची पाठ वळलेली होती. तेवढ्यात वेल्क्रो सुटल्याचा चर्रर्र आवाज आला. मल्लम्मानं सहावी पट्टी उपटली होती आणि पाचवीला हात घातला होता.

सिंधुनं तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की काकणं हातात रुतली.

"हात काढा, अव्वा."

"गुदमरून मरंल माझी लेक."

"हे सोडलं तर मरंल."

प्रियदर्शनीचे डोळे वर गेले होते. मशीनवर आकडा चौसष्ट आला. सिंधुनं गुडघा स्ट्रेचरला टेकवून सहावी पट्टी परत ओढली, सगळं वजन टाकून. मग बाटली हातानं पिळत बसली. एक मिनिट काहीच झालं नाही. सायरनही आता ऐकू येत नव्हता, फक्त बाहेर कुणीतरी "मागं घे, मागं घे" म्हणत होतं.

मल्लम्मा कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. तिचे डोळे पट्टीवरच होते. तिच्या हातांना काम दिलं नाही तर ते परत पट्टीकडं जातील, हे सिंधुला कळलं. तिनं मल्लम्माची दोन बोटं धरली आणि सुनेच्या गळ्याच्या बाजूला टेकवली.

"इथं ठोका लागतो का?"

"हाव. लई बारीक हाय."

"बोट उचलू नका. आणखी बारीक झाला तर सांगा, थांबला तर सांगा. मला दुसरं काम हाय, हे तुम्हीच बघा."

मल्लम्मा वाकून बसली, सुनेच्या तोंडाला तोंड लावल्यासारखी. काही वेळानं म्हणाली, "आता जरा ठळक लागायलाय." मशीननं ब्याऐंशी दाखवलं. गाडी हलली.

रुग्णालयात डॉक्टर दामिनी दारातच उभ्या होत्या. रक्ताच्या पिशव्या आणून ठेवलेल्या होत्या. सिंधु स्ट्रेचरबरोबर पळत बोलत राहिली, "मॅडम, पायाच्या पट्ट्या सोडायच्या नाहीत. टाका घालायला लागलं तर फक्त पोटाच्या, आणि लगेच परत लावायच्या." डॉक्टर म्हणाल्या, "माहीत आहे मला. तुम्ही आत या, माझ्या नर्स मुलींनी कधी हाताळला नाही हा सूट."

फाटलेलं गर्भाशयाच्या तोंडाशी सापडलं. टाके बसले, रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या, गर्भाची पिशवी वाचली. रक्त थांबून दोन तास झाल्यावर, दुपारी अडीचला, घोट्यापासून पट्ट्या काढायला घेतल्या. एक पट्टी काढायची, वीस मिनिटं थांबायचं, बीपी बघायचा, मग दुसरी. प्रत्येक वेळी आकडा खाली येईल या भीतीनं सिंधु श्वास रोखून उभी राहायची. शेवटची सुटली तेव्हा साडेचार वाजले होते. आकडा एकशेचार.

ती सूट बादलीत घालून वॉर्डाबाहेरच्या नळावर बसली. मल्लम्मा येऊन शेजारी उकिडवी बसली.

"बाई, म्या ती दुसरी पट्टी पण सोडली आसती तर?"

नाही हो, काही झालं नसतं, असं सिंधुच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"गेली असती, अव्वा."

मल्लम्मानं मान हलवली. तिनं हे आधीच ओळखलं होतं बहुतेक. मग बाही वर सारून बादलीत हात घातला आणि पट्टीवरचं रक्त चोळू लागली.

"तुमच्या दवाखान्यात हे एकच हाय?"

"एकच."

"आन् एकाच दिवशी दोघी अडल्या तर?"

सिंधुनं ओल्या हातानंच फोन काढून गुरम्माला लावला, बाळाची चौकशी केली, आणि विचारलं की आज उद्या कुणाचे दिवस भरतात. गुरम्मानं दोन नावं सांगितली.

"भागवतला गाडी काढायला सांगते," सिंधु फोनवर म्हणाली. "सूट ओलाच घेऊन येते."